रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि मुलचेऱ्याचे ऋतुमान

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या, हृदयाच्या ठोक्यांची लय कायमची बिघडलेल्या किंवा पायाच्या खोल नसेत गुठळी होऊन गेलेल्या रुग्णांना वर्षानुवर्षे, पुष्कळदा आयुष्यभर, जी गोळी घ्यावी लागते तिला बोलण्यात ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. या गोळीने रक्ताचा दाटपणा बदलत नाही. रक्त गोठायला लागणारा वेळ तेवढा वाढतो. हा वेळ पुरेसा वाढला नाही तर झडपेवर गुठळी धरते आणि ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. तो प्रमाणाबाहेर वाढला तर हिरड्यांतून, नाकातून, लघवीवाटे, आणि सर्वांत घातक म्हणजे मेंदूत, रक्तस्राव होतो. या दोन संकटांमधील सुरक्षित पट्टा अरुंद आहे, आणि गोळी रोज तीच, तितकीच घेणारा रुग्णही त्याबाहेर जाऊ शकतो. उन्हाळा लागला, पावसाळा आला, परगावी राहून आले की ‘रिपोर्ट बिघडतो’, हा रुग्णांचा अनुभव खोटा नसतो; परंतु ऊन किंवा अंतर स्वतः रक्तात शिरून औषधाशी खेळत नाही. ऋतू आणि प्रवास आधी माणसाचे ताट, त्याचे पाणी, त्याची दुखणी, त्याची इतर औषधे आणि चाचणीपर्यंत जाणारा त्याचा रस्ता बदलतात, आणि या बदलांची बेरीज अहवालातल्या आकड्यात उतरते.

ही बेरीज तपासून पाहायला गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्याइतके योग्य ठिकाण क्वचित सापडेल. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यातील चामोर्शी, अहेरी आणि एटापल्ली या तालुक्यांना लागून असलेला मुलचेरा हा जंगलाचा, धानशेतीचा आणि मिश्र वस्तीचा भाग आहे. गोंडी, माडिया, मराठी आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे येथे आहेतच, शिवाय फाळणीनंतरच्या दशकांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती येथे वसल्या, त्यामुळे एकाच तालुक्यात स्वयंपाकाच्या अनेक पद्धती शेजारी नांदतात. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, पावसाळ्यात वैनगंगा, प्राणहिता आणि त्यांना मिळणारे नदीनाले फुगून रस्ते बंद पडतात, आणि डिसेंबरात जंगलाकडेच्या गावांत शेकोटीवाचून भागत नाही. वर्षभरात तीन वेगळे देश भोगावेत अशी ही राहणी आहे.

अशा ग्रामीण भागात रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांत केवळ म्हातारी माणसे नसतात. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा वारंवार सुजला आणि त्यावर पेनिसिलीनसारखा उपचार वेळेवर झाला नाही तर काही मुलांत आमवाती ताप येतो, म्हणजे घशातील जंतूंविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवरही हल्ला करते. सांधे बरे होतात, झडपा होत नाहीत. दाटीच्या घरांत आणि दवाखान्यापासून दूरच्या गावांत हा आजार अधिक आढळतो, आणि विशी-तिशीतल्या माणसाची द्विदल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील दार, आकसून किंवा गळून निकामी होते. मग नागपूरसारख्या शहरात शस्त्रक्रिया होऊन धातू किंवा प्लास्टिकची झडप बसते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वालियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘चित्रा’ झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली आणि परदेशी झडपेचा खर्च न झेपणाऱ्या भारतीय रुग्णांना त्यामुळे मोठा आधार मिळाला. झडप टिकाऊ असते. मात्र तिच्या परक्या पृष्ठभागावर रक्त गोठू नये म्हणून गोळी जन्मभर लागते.

अलीकडे शहरी रुग्णांना डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान अशा नव्या गोळ्या दिल्या जातात, ज्यांना आहाराचे पथ्य आणि वारंवार रक्तचाचणी लागत नाही. कृत्रिम यांत्रिक झडप असलेल्यांना मात्र त्या चालत नाहीत. डाबिगाट्रानची अशा रुग्णांवरील चाचणी २०१२ साली थांबवावी लागली, कारण नव्या गोळीवर असलेल्यांत गुठळ्याही अधिक झाल्या आणि रक्तस्रावही. आमवाती हृदयविकारामुळे ज्यांची लय बिघडली आहे अशा रुग्णांवर भारतासह अनेक देशांत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही रिव्हारोक्साबानपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली. परिणामी ज्या औषधाला ताट सांभाळावे लागते आणि दर काही आठवड्यांनी सुई टोचून घ्यावी लागते, ते नेमके प्रयोगशाळेपासून सर्वांत दूर राहणाऱ्या रुग्णांच्या वाट्याला आले आहे. वैद्यकशास्त्राने हे मुद्दाम केले नाही, पण विषमता म्हणून त्याची नोंद घेतलीच पाहिजे.

ही जुनी गोळी म्हणजे वॉरफरिन, किंवा भारतात अधिक लिहून दिली जाणारी तिची बहीण असिनोकुमारॉल. यकृत रक्त गोठवणारे काही घटक तयार करते; त्यांपैकी दोन, सात, नऊ आणि दहा या क्रमांकांनी ओळखले जाणारे चार घटक कामास योग्य करण्यासाठी त्याला जीवनसत्त्व के लागते. शरीर या जीवनसत्त्वाचा अल्प साठा पुन्हा पुन्हा वापरते, आणि ही गोळी त्या पुनर्वापराची वाट अडवते. आहारातून नवे जीवनसत्त्व के जास्त आले तर अडवणूक निष्प्रभ होते, फार कमी आले तर ती अधिक कडक होते. यातली दुसरी लक्षात घेण्याजोगी बाब वेळेची आहे. गोळीने यकृतातील उत्पादन थांबले तरी रक्तात आधीपासून असलेले घटक आपापल्या आयुष्यानुसार संपतात. सातवा घटक काही तासांत घटतो, तर दुसरा घटक निम्मा व्हायला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आजचा अहवाल हा गेल्या दोन-तीन दिवसांच्या गोळीचा आणि जेवणाचा असतो, आणि लग्नघरी चार दिवस काढून आलेल्या माणसाचा आकडा बहुधा घरी परतल्यावर बिघडलेला दिसतो.

हा आकडा म्हणजे आयएनआर. अमेरिकन वैद्य आर्मंड क्विक यांनी १९३५ साली मांडलेल्या चाचणीत रुग्णाच्या रक्तद्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन हे रसायन आणि कॅल्शियम मिसळून तो किती सेकंदांत गोठतो ते मोजतात. अडचण अशी होती की प्रत्येक प्रयोगशाळेचे थ्रॉम्बोप्लास्टिन वेगळे, म्हणून सेकंदही वेगळे येत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली या सेकंदांचे एका समान मापात रूपांतर करण्याची पद्धत स्वीकारली, आणि तेव्हापासून हा आकडा जगभर तुलनीय झाला. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो, बहुतेक रुग्णांना तो २ ते ३ मध्ये आणि द्विदल जागी यांत्रिक झडप असलेल्यांना साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा असतो. साडेचार-पाचाच्या पुढे रक्तस्रावाचा धोका झपाट्याने वाढतो. प्रवासी रुग्णाच्या दृष्टीने ही एकरूपता मोलाची आहे, कारण अहेरीला काढलेला, मंचेरियालला काढलेला आणि नागपूरला काढलेला आकडा एकाच रांगेत लिहिता येतो.

हवामानाशी या औषधाचे नाते त्याच्या जन्मापासूनचे आहे. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर डकोटातील गुरे किरकोळ जखमांनी, शिंगे छाटल्यावर किंवा वासरू होताना रक्त वाहून मरू लागली, तेव्हा फ्रँक स्कोफिल्ड आणि ली रॉडरिक या पशुवैद्यकांनी दोष गोड क्लोव्हर नावाच्या चाऱ्यात, आणि तोही दमट हवेत बुरशी लागलेल्या चाऱ्यात, असल्याचे दाखवले. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनच्या एका शेतकऱ्याने न गोठणारे रक्त दुधाच्या डब्यात भरून विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आणले, आणि काही वर्षांच्या परिश्रमांनंतर तेथे डायकुमारॉल हा पदार्थ वेगळा करण्यात आला. ताज्या गवताला सुगंध देणारे कुमारिन निरुपद्रवी असते. त्याचे घातक रूपांतर बुरशी करते. पुढे त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ साली उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ साली माणसांसाठी मान्य झाले. पाऊस नको त्या वेळी पडला नसता आणि चारा नीट वाळला असता, तर हे औषध कदाचित अनेक वर्षे उशिरा सापडले असते.

मुलचेऱ्यात हवामानाचा सर्वांत मोठा परिणाम ताटातून होतो. जीवनसत्त्व के मुख्यतः हिरव्या पानांत असते. कच्च्या पालकाच्या शंभर ग्रॅममध्ये ते सुमारे ४८० मायक्रोग्रॅम भरते, तर अमेरिकेतील मानकानुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १२० आणि स्त्रीला ९० मायक्रोग्रॅम पुरतात. पांढऱ्या भातात ते जवळजवळ नसते, मासळीत आणि डाळीत थोडेच असते. आता या तालुक्याचे वर्ष पाहावे. मृगाचा पाऊस पडला की तरोट्याचे कोवळे कोंब, केना, कोचईची पाने, अंबाडी, शेवग्याचा पाला असे कितीतरी रानातले आणि कुंपणावरचे हिरवे पदार्थ गोंड-माडिया आणि मराठी घरांत रोज शिजतात. बंगाली वसाहतींत त्याच सुमारास मायाळूच्या वेली, लाल माठ आणि अळू परसात माजतात आणि मासळीबरोबर कढईत पडतात. थंडीत धान निघाल्यावर त्याच बांधीत पेरलेल्या लाखोळीची आणि हरभऱ्याची कोवळी पाने खुडली जातात, शिवाय मेथी-पालक असतोच. मार्चनंतर मात्र बोड्या, म्हणजे लहान तळी, आटतात, हिरवे जवळजवळ नाहीसे होते, आणि भात, वरण, आंबील, सुकी मासळी आणि उन्हात वाळवून ठेवलेला भाजीपाला यांवर दिवस काढले जातात. शिजवण्याच्या उष्णतेने जीवनसत्त्व के फारसे नष्ट होत नाही, पण उजेडाने होते, म्हणून उन्हात सुकवलेल्या पानांचा हिशेब ताज्या पानांसारखा धरता येत नाही. ते तेलात विरघळणारे असल्याने नुसत्या उकडलेल्या भाजीतून कमी आणि तेलात परतलेल्या भाजीतून अधिक शोषले जाते. सोयाबीनच्या तेलात ते स्वतःच बऱ्यापैकी असते, सूर्यफुलाच्या तेलात कमी. बदललेला तेलाचा डबाही आकड्यात थोडाफार फरक करू शकतो.

यावर रुग्णांना सरसकट दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘हिरव्या भाज्या बंद करा’. हा सल्ला सोपा आहे आणि चुकीचा आहे. ब्रिटनमधील न्यूकॅसलच्या संशोधकांनी २००५ साली दाखवले की ज्यांचा आयएनआर कारण नसताना वरखाली होत राहतो त्यांच्या आहारात जीवनसत्त्व के स्थिर रुग्णांपेक्षा कमी असते. साठाच तुटपुंजा असला की एका दिवसाची भाजी मोठी उलथापालथ करते, आणि साठा बरा असला की तीच भाजी पचून जाते. ज्या घरात पावसाळ्यात भाजीला रानातल्या पानांवाचून पर्याय नाही, तेथे भाजी बंद करण्याचा हुकूम म्हणजे नुसता मीठभात. योग्य मार्ग उलटा आहे: भाजी चालू ठेवावी, तिचे प्रमाण ऋतूच्या आत साधारण सारखे ठेवावे, आणि ऋतू पालटला की दहा-पंधरा दिवसांत चाचणी करून गोळी त्या ऋतूच्या ताटाला जुळवून घ्यावी. निरनिराळ्या देशांत ऋतुमानानुसार आयएनआर कसा हलतो याचे जे अभ्यास झाले त्यांचे निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत, आणि ते साहजिक आहे, कारण प्रत्येक देशाच्या उन्हाळ्यात ताटातील पाने सारखी नसतात.

उन्हाळ्याचे काम एवढ्यावर संपत नाही. एप्रिल-मे हा तेंदूपाने तोडण्याचा हंगाम. पहाटे जंगलात जाऊन दुपारपर्यंत पाने गोळा करणारी, मग पुडे बांधणारी माणसे घामाने पाणी आणि क्षार गमावतात, भूक मंदावते, जेवण अर्धे होते. कमी जेवणाने जीवनसत्त्व के कमी पोहोचते आणि जुन्या गोळीचा आयएनआर वर सरकतो. नव्या गोळ्यांची वाट निराळी आहे: डाबिगाट्रानचा सुमारे ऐंशी टक्के भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो, त्यामुळे उन्हाने शरीर कोरडे पडून मूत्रपिंड मंदावले की औषध रक्तात साचते. याच गोळीला दमटपणाही सोसत नाही, म्हणून ती तिच्या मूळ बाटलीतच किंवा बंद पाकिटातच ठेवावी लागते. आठवड्याच्या डबीत काढून ठेवण्याची शहरी सवय पावसाळ्यात तिच्यासाठी घातक. वॉरफरिन उजेडाने खराब होते आणि तीस अंशांच्या आतील जागा त्याला मानवते, तेव्हा पत्र्याच्या छपराखालचा कोनाडा किंवा उन्हात उभ्या गाडीचा पुढचा कप्पा यांपेक्षा घरातली थंड, कोरडी, अंधारी जागा बरी.

मोहफुलांची दारू हा या भागाचा सांस्कृतिक भाग आहे आणि वैद्यकीय बाबही. एका बैठकीत भरपूर पिण्याने यकृत दारूत गुंतते, गोळीचे विघटन मागे पडते आणि आयएनआर चढतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या यकृतात औषध मोडणारी विकरे वाढतात आणि आकडा उतरतो. आणि यकृतच निकामी झाले की तो पुन्हा चढतो. एकाच सवयीचे तीन परस्परविरोधी परिणाम असल्याने ‘थोडी चालते का’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. जिल्ह्यात सर्रास चघळल्या जाणाऱ्या तंबाखूमिश्रित खर्र्याविषयीही एक उल्लेख करायला हवा: तंबाखू हेही पानच आहे, त्यात जीवनसत्त्व के असते, आणि चघळण्याच्या तंबाखूमुळे वॉरफरिनचा परिणाम कमी पडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. खर्रा सोडण्याची इतर कारणे याहून कितीतरी मोठी आहेत. पण जो कोणी खर्रा अचानक सोडेल त्याने त्यानंतर आयएनआर तपासावा.

पावसाळा ताटाइतकाच तापाचा काळ. महाराष्ट्रात हिवतापाचे रुग्ण सर्वाधिक ज्या जिल्ह्यांत आढळतात त्यांत गडचिरोली अग्रभागी आहे. कोणत्याही तापात रक्त गोठवणारे घटक लवकर खर्ची पडतात, भूक जाते, यकृतावर ताण येतो, आणि गोळी तीच असूनही आयएनआर वाढतो. हिवतापात आणि डेंग्यूत रक्तकणिकांपैकी बिंबाणू, म्हणजे जखमेवर पहिला बांध घालणाऱ्या प्लेटलेट, कमी होतात, ही आणखी एक भर. उपचाराची औषधेही तटस्थ नसतात: क्विनाइन, डॉक्सिसायक्लिन, सल्फा गटातील औषधे गोळीचा परिणाम वाढवू शकतात, हगवणीवर सहज दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल आणि मूत्रमार्गाच्या दुखण्यावरचे को-ट्रायमॉक्सॅझोल तो बराच वाढवतात, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तो इतका घटवते की मात्रा कित्येक पट करावी लागते आणि ते बंद झाल्यावर पुन्हा उतरवावी लागते. हिवतापाचा उपचार यामुळे टाळायचा नसतो. तो तत्काळ घ्यायचा आणि तीन ते पाच दिवसांत आयएनआर पाहायचा. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेले डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन जठरातून रक्तस्राव घडवू शकते. पॅरासिटामॉल त्यापेक्षा सुरक्षित, परंतु तेही दिवसाला चार-चार गोळ्यांच्या हिशेबाने आठवडाभर घेतले तर आयएनआर वर नेते.

रोवणीच्या दिवसांत सापाचा विषय टाळता येत नाही. घोणशीच्या विषाने रक्तातील गोठण्याचे घटक संपून जातात, आणि ते झाले की नाही हे ग्रामीण रुग्णालयात एका अत्यंत साध्या चाचणीने ठरवतात: ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायचे. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत, विशेषतः त्याचा आयएनआर आधीच वाढलेला असेल तर, या निकालाचा अर्थ लावणे अवघड होते. दंशाच्या वेळी अशा रुग्णाने किंवा सोबतच्यांनी ‘हा झडपेचा पेशंट आहे, गोळी चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगणे यासाठी आवश्यक आहे. तसेच स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने अशा रुग्णाच्या दंडात किंवा मांडीत रक्त साकळू शकते, म्हणून धनुर्वाताची सुई केव्हा द्यायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

प्रवासाचे प्रकार मुलचेऱ्यात अनेक आहेत आणि विमान त्यांत शेवटी येते. फेब्रुवारीपासून गडचिरोली-चंद्रपूर जिल्ह्यांतील मजूर मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात आणि शेताजवळच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत आठवडेच्या आठवडे राहतात. तेथे ताट बदलते, पाणी बदलते, जुलाब होतात; जुलाबाने जीवनसत्त्व के नीट शोषले जात नाही आणि आयएनआर चढतो. गोळ्या संपल्या की तेथील दुकानातून त्या घ्याव्या लागतात, आणि येथे खरा धोका आहे. असिनोकुमारॉल एक, दोन, तीन, चार मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या ताकदींत मिळते, कंपनी बदलली की गोळीचा रंग आणि आकार बदलतो, आणि वॉरफरिन व असिनोकुमारॉल यांचे मिलिग्रॅम समान धरता येत नाहीत. ‘पांढरी अर्धी’ अशी रंगाने आणि तुकड्याने लक्षात ठेवलेली मात्रा गावात चालते, सीमेपलीकडे फसते. रिकामे पाकीट जपून बरोबर नेणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

चुकलेल्या गोळीचा हिशेबही प्रवासातच बिघडतो. दिवाळीनंतर पूर्व विदर्भात मंडया भरतात आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात; संध्याकाळची गोळी घरी राहिली, नाटक पहाटे संपले, असे प्रत्येक हंगामात घडत असणार. असिनोकुमारॉलचा निम्मा अंश आठ ते अकरा तासांत शरीरातून जातो, वॉरफरिनला त्यासाठी दीड दिवसाहून अधिक लागतो, म्हणून पहिल्या औषधाची एक चूक लवकर आकड्यात दिसते. त्याच दिवशी आठवले तर गोळी घ्यावी, दुसऱ्या दिवशी आठवले तर चुकलेली सोडून नेहमीची तेवढी घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. परदेशी मुलांकडे जाणाऱ्यांना घड्याळ बदलण्याची चिंता असते, ती या मानाने किरकोळ आहे, कारण काही तासांचा फरक दोन-तीन दिवसांत मिटतो. अधिक गंभीर गोष्ट अशी की असिनोकुमारॉल अमेरिकेत विकलेच जात नाही आणि जर्मनीत फेनप्रोकुमॉन हे तिसरेच, कित्येक दिवस शरीरात टिकणारे औषध प्रचलित आहे. मुक्कामाला पुरेल इतका साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असावी.

लांब बसून राहण्याचा प्रश्न निराळा. चार तासांहून अधिक एका जागी बसल्याने पायाच्या नसांत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००७ साली जाहीर झालेल्या संशोधनात आढळले, आणि तो विमानाइतकाच बस, रेल्वे व मोटारीलाही लागू आहे. मुलचेऱ्याहून नागपूरची लांब वाट हे बसणे सहज पूर्ण करते. गोळी नियमित चालू असलेल्याला त्यातून बरेच संरक्षण असते. सिकलसेलच्या रुग्णांना मात्र विशेष काळजी हवी. चंद्रपूर-गडचिरोलीत आढळणाऱ्या या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते आणि पाणी कमी पडले की पेशी अधिक वाकतात, तेव्हा उन्हातला लांब प्रवास त्यांच्यासाठी दुहेरी जोखीम ठरतो. उंचीचाही परिणाम होतो: २,४०० मीटरपेक्षा उंच ठिकाणी गेलेल्या वॉरफरिनच्या रुग्णांत, विशेषतः हृदयाची लय बिघडलेल्यांत, आयएनआर अपेक्षेपेक्षा खाली येण्याचे प्रमाण वाढल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २००६ साली दिसले. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, म्हणून चारधामला निघणाऱ्याने जाण्याआधी आणि आल्यावर चाचणी करावी.

या सगळ्यातून एक व्यवहार्य गोष्ट निघते. आज शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हाती दिल्या जाणाऱ्या कागदावर पुढील चाचणीची तारीख महिन्याच्या हिशेबाने लिहिलेली असते, आणि ती तारीख ऑगस्टमध्ये आली तर नाल्याला पूर असतो, मेमध्ये आली तर घरातले सगळे जंगलात असतात. त्याऐवजी मोहफुले संपताना एक, पहिल्या पावसानंतर भाजी निघाल्यावर एक, रोवणी उरकल्यावर एक, धान निघाल्यावर एक, आणि प्रत्येक तापानंतर व प्रत्येक लांब मुक्कामानंतर एक जादा, अशी चाचणी नियमित तपासण्यांच्या जोडीला ठरवली तर ती रुग्णाच्या आयुष्याशी जुळेल. बोटाला टोचून थेंबभर रक्तावर काही मिनिटांत आयएनआर सांगणारी यंत्रे गेली काही दशके उपलब्ध आहेत. त्यांच्या पट्ट्या महाग असतात आणि त्यांनाही उष्णता व दमटपणापासून जपावे लागते. तरीही तालुक्याच्या रुग्णालयात असे एक यंत्र आणि बाकी गावांतील रुग्णांची यादी तेथील आशा आरोग्यसेविकांकडे असणे, रुग्णांच्या नागपूरच्या फेऱ्यांच्या भाड्यापुढे खर्चिक म्हणता येणार नाही. पूर येण्याआधी किमान महिन्याच्या गोळ्या घरात असाव्यात, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी घरी पाठवताना रुग्णाला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: पावसाळ्यात घरात कोणत्या भाज्या शिजतात, आणि नदीमुळे रस्ता किती दिवस बंद असतो.